पिशवीतून ऑल-ग्रेन बिअर: एका पातेल्यात पहिला घाणा

प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये भाड्याचं घर आहे. डब्यातल्या माल्ट-अर्काची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) किट वापरून बिअर जमू लागली आहे. घरात १९ लिटरचं स्टीलचं पातेलं आणि किटबरोबर आलेली ३० लिटरची आंबवणीची बादली आहे. आता थेट धान्यापासून, म्हणजे ऑल-ग्रेन, बिअर करायची आहे. त्यासाठी तीन भांडी, पंप, नळ्या असा संसार घ्यावा लागेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

संसार लागणार नाही. आहे ते पातेलं, एक मोठी जाळीदार पिशवी, भरवशाचं थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा एवढ्यावर काम भागतं. ब्रू-इन-अ-बॅग ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी ब्रुअरांनीच रुजवली, त्यामुळे तिथल्या ब्रू-शॉपमध्ये पिशवीपासून दळलेल्या माल्टपर्यंत सगळं मिळतं. जुन्या पद्धतीत पाणी तापवायला एक भांडं, माल्ट मुरवायला दुसरं आणि उकळायला तिसरं लागतं. इथे सगळं पाणी एकाच पातेल्यात घेऊन त्यातच पिशवीत माल्ट मुरवतात, मग पिशवी उचलतात आणि उरलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, तिथेच उकळतात. नीट केली तर बिअर तीन भांड्यांच्या बिअरपेक्षा कुठेही कमी पडत नाही.

कायद्याचं आधी सांगतो. ऑस्ट्रेलियात घरच्या साधनांनी स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. डिस्टिलिंग, म्हणजे दारू गाळणं, मात्र परवान्याशिवाय करता येत नाही. हे उत्तर महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि 'घरापुरतं' म्हणून त्यातून सूट नाही.

किटमध्ये २३ लिटर करायची सवय असते, म्हणून लोक ऑल-ग्रेनलाही तेवढाच घाट घालतात आणि तिथेच फसतात. २३ लिटरसाठी निदान ४० लिटरचं पातेलं लागतं, ते घरातल्या शेगडीवर धड उकळत नाही, आणि चिंब पिशवी एकट्याला उचलत नाही. १९ लिटरच्या पातेल्यात १० लिटर बिअर छान बसते. पहिले काही घाणे एवढेच काढा.

पातेल्याचे आकडे

ऑल-ग्रेनमध्ये गोंधळ होतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबात. त्यामुळे माल्ट आणण्याआधी अर्धा तास पातेल्याला द्या. एकेक लिटर पाणी ओतत जा आणि लांब दांड्याच्या लाकडी पळीवर खुणा करा. पातेल्याचा आतला व्यास ३० सेंटिमीटर असेल तर प्रत्येक लिटरला पाणी साधारण १.४ सेंटिमीटर चढतं. मग १० लिटर पाणी झाकण न ठेवता अर्धा तास खळखळून उकळा आणि किती आटलं ते पळीवर बघा. घरच्या शेगडीवर तासाला अडीच ते साडेतीन लिटर आटतं. हा आकडा शेगडी आणि पातेलं बदललं की बदलतो, म्हणून दुसऱ्याचा घेऊ नका.

आता हिशेब उलटा करायचा. बादलीत १० लिटर हवेत. तळाला हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) आणि गाळ मिळून १ लिटर सोडावं लागतं, म्हणजे उकळणं संपताना ११ लिटर हवेत. तासाला ३ लिटर आटत असेल तर उकळी सुरू होताना १४. माल्ट दर किलोला, पिशवी पिळल्यानंतरही, ०.७ लिटर पाणी धरून ठेवतो, म्हणून २.४ किलोसाठी १.७ लिटर. गरम वर्ट निवताना थोडं आक्रसतं तेही धरलं तर एकूण १६ लिटर पाणी लागतं. माल्ट स्वतः दर किलोला साधारण ०.६७ लिटर जागा खातो. सगळं पाणी एकदम घेतलं तर पातळी १७.६ लिटरवर जाते आणि ढवळायला जागा उरत नाही. म्हणून १५ लिटरमध्ये मुरवा आणि १ लिटर कढत पाणी पिशवी उचलल्यावर तिच्यावरून ओतायला बाजूला ठेवा.

पिशवी आणि भरड

पिशवी पडद्याच्या बारीक व्हॉइलची किंवा तयार नायलॉनची घ्या. ती पातेल्यापेक्षा मोठी असावी, इतकी की तिच्यात पातेलं उभं मावेल. चिंचोळ्या पिशवीत माल्टचा गठ्ठा होतो, मधल्या भागाला पाणी लागतच नाही आणि साखर तिथेच राहते. शिवण दुहेरी हवी. तळाला एक स्टीलची जाळी किंवा उपडी ताटली ठेवा. खालून आच चालू असताना पिशवी बुडाला टेकली तर कापड वितळतं, माल्ट करपतो, आणि तो करपट वास बिअरमधून कशानेही जात नाही.

सुरुवातीला दळण्याचं यंत्र विकत घेऊ नका, माल्ट दुकानातच दळून घ्या. दुकानातला रोलर बहुतेक वेळा एक मिलिमीटरच्या आसपास लावलेला असतो, कारण त्याहून बारीक दळलं तर तीन भांड्यांच्या पद्धतीत गाळण तुंबते. पिशवीत तुंबण्याची भीती कमी, म्हणून 'दोनदा काढून द्या' किंवा 'अंतर ०.८ करा' असं सांगा. दळलेला माल्ट मूठभर हातात घेऊन बघा. टरफलं बरीचशी अख्खी असावीत, पण आतला दाणा फुटून जाड रव्यासारखा झालेला असावा, आणि अख्खा दाणा शोधूनही सापडू नये. अख्खा राहिलेला दाणा पाण्यातून जसा गेला तसाच बाहेर येतो. पहिल्या घाण्यात ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरवर दिसणारा साखरेचा दाटपणा, कमी आली की लोक तापमानाला आणि यीस्टला दोष देतात, बहुतेक वेळा दोष भरडीचा असतो. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका. त्यात टरफलाचा भुगा होतो, तो पिशवीतून सुटून वर्टबरोबर उकळतो आणि चव तुरट होते.

पहिल्यासाठी पेल एल

चुका पोटात घालणारी आणि चार-पाच आठवड्यांत पिण्यालायक होणारी बिअर म्हणून साधी पेल एल घ्या. १० लिटरसाठी पेल माल्ट २.२ किलो आणि मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम. हॉप्स कॅस्केड जातीचे, अल्फा आम्ल (ज्याने कडूपणा येतो ते) सुमारे ६ टक्के: ६० मिनिटांच्या उकळीसाठी १६ ग्रॅम, शेवटच्या १० मिनिटांसाठी १५ ग्रॅम, आच बंद केल्यावर २० ग्रॅम. यीस्ट सेफेल यूएस-०५, ११.५ ग्रॅमच्या पाकिटातलं अर्धं. पाकिटावर अल्फाचा आकडा ६ ऐवजी ७.५ असेल तर पहिली मात्रा त्या प्रमाणात १३ ग्रॅमवर आणा. पुढच्या दोन सुगंधासाठी आहेत, त्या तशाच ठेवा. ७० टक्के कार्यक्षमता धरली, म्हणजे माल्टमधली तेवढी साखर वर्टमध्ये उतरली, तर उकळण्याआधी ग्रॅव्हिटी १.०३६ च्या आसपास आणि बादलीत १.०४५ येते. आंबून १.०११ पर्यंत उतरली की अल्कोहोल साधारण साडेचार टक्के.

मेलबर्नचं नळाचं पाणी मऊ आहे, ही चांगली गोष्ट. त्यात क्लोरीन असतं, ते माल्टमधल्या फिनॉलशी मिळून औषधासारखा वास देतं. १६ लिटरला मेटाबायसल्फाइटच्या कॅम्पडेन गोळीचा पाव तुकडा विरघळवला की क्लोरीन काही मिनिटांत जातं. याशिवाय जिप्सम ३ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड दीड ग्रॅम घाला. यातून कॅल्शियम लिटरला ७० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, मॅशचा, म्हणजे पाण्यात मुरणाऱ्या माल्टचा, पीएच ५.२ ते ५.६ या पट्ट्यात यायला मदत होते आणि यीस्ट पुढे नीट खाली बसतं. लंडन किंवा ॲडलेडसारखं जड पाणी असणाऱ्यांनी हे प्रमाण डोळे झाकून उचलू नये. पिशवीच्या पद्धतीत माल्टच्या मानाने पाणी जास्त, म्हणजे पाण्यातला क्षारपणाही जास्त. तिथे थोडं लॅक्टिक आम्ल किंवा निम्मं आरओचं पाणी वापरावं लागतं.

मॅश

आधण ७० अंशांवर आणा. माल्ट घरातल्या तापमानाला, २० अंशांच्या आसपास असेल तर तो घातल्यावर मिश्रण ६७ वर येऊन ठरतं. आच बंद करा, पिशवी पातेल्यात पसरून काठावर चिमट्यांनी अडकवा, आणि एकाने माल्ट हळूहळू सोडावा, दुसऱ्याने ढवळावं. एकटे असाल तर तीन-चार हप्त्यांत घाला. पिठात होतात तशा गुठळ्या इथेही होतात. वरून ओल्या दिसतात पण आत कोरड्या असतात, पळीच्या पाठीने काठाला दाबून फोडा. मग तापमान एका जागी न मोजता मध्ये, कडेला आणि तळाशी मोजा. तीन आकडे जुळेपर्यंत ढवळत राहा.

६७ हाच आकडा का, तर माल्टमधली दोन एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. एक ६०-६५ च्या आसपास जोरात असतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर बनवतं, दुसरं ७० च्या आसपास आणि त्याची बरीच साखर यीस्टला पचत नाही. ६४ वर मुरवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ वर मुरवलं तर जाड आणि गोडसर. ६७ वर दोन्ही कामं होतात. चुकून ६३ वर आलं तर घाबरू नका, पिशवी तळापासून वर धरून मंद आचेवर ढवळत चढवा. ७२ झालं तर लगेच कपभर गार पाणी आणि झाकण काढून ढवळणं. खरी घाई इथेच करायची, कारण पचणारी साखर बनवणारं एन्झाइम या उष्णतेत काही मिनिटांत निकामी होतं आणि मग तापमान खाली आणून उपयोग नसतो.

थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासलेलं असावं. स्वस्त डिजिटल थर्मामीटरमध्ये तीन अंशांची चूक सहज निघते, आणि तीन अंश म्हणजे वेगळीच बिअर.

झाकण ठेवा, पातेलं जाड रजईत गुंडाळा आणि एक तास तसंच राहू द्या. मध्ये एकदा, अर्ध्या तासाला, उघडून ढवळा. तासात दोन अंश उतरले तरी चालतं, कारण बरंचसं रूपांतर पहिल्या अर्ध्या तासात झालेलं असतं. भरड जाडसर वाटली असेल तर दीड तास ठेवा. शेवटी, जमलं तर, ढवळत ७५ पर्यंत तापवा. त्याने वर्ट पातळ होऊन पिशवीतून चटकन निथळतं. पण ७७ च्या वर माल्ट आत असताना नेऊ नका.

पिशवी उचलताना चिंब माल्टचं वजन सहा-सात किलोंवर जातं आणि ते कढत असतं. हातात जाड रबरी मोजे, पायात बंद चपला, मुलं स्वयंपाकघराबाहेर. हळूहळू वर घ्या, मिनिटभर पातेल्यावरच निथळू द्या, मग बादलीवर मोठी चाळण ठेवून तिच्यात टेकवा. वर हुक असेल तर चक्का टांगतो तशी टांगून ठेवणं सगळ्यात सोयीचं. बाजूला ठेवलेलं लिटरभर पाणी वरून फिरवा आणि मोजे घालून पिशवी पिळा. 'पिळलं की तुरटपणा येतो' असं अजून पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं, ते चूक आहे. टरफलातलं टॅनिन सुटतं ते पीएच ६ च्या पुढे गेल्यावर आणि उष्णता वाढल्यावर, दाबामुळे नाही. मनसोक्त पिळा आणि बादलीत निथळलेलं वर्ट परत पातेल्यात ओता.

आता पळीवर पातळी बघा, चांगलं ढवळून नमुना घ्या, २० अंशांपर्यंत गार करा आणि हायड्रोमीटर लावा. गरम वर्टमध्ये तो खोटं सांगतो, ६० अंशांना साधारण १५ अंक (एक अंक म्हणजे ०.००१) कमी दाखवतो. १४ लिटर आणि १.०३६ जुळलं तर पुढे जा. पातळी जास्त आणि ग्रॅव्हिटी कमी असेल तर तेवढा वेळ आधी उकळून आटवा, हॉप्स नंतर घाला. पातळी बरोबर आणि तरी ग्रॅव्हिटी कमी असेल तर १०० ग्रॅम कोरडा माल्ट-अर्क बादलीतली ग्रॅव्हिटी ३ अंकांनी चढवतो. एवढा खटाटोप करायलाच हवा असं नाही. १.०४१ ची बिअरही चांगलीच होते, फक्त वहीत आकडा लिहा.

उकळणं आणि गार करणं

उकळी फुटायच्या बेताला फेसाचा जाड थर चढतो आणि क्षणात उतू जातो. त्या पाच मिनिटांत पातेल्यापासून हलू नका. आच कमी करा, फेस ढवळून मोडा, फवाऱ्याने थोडं पाणी मारा. फेस बसला की हॉप्सची पहिली मात्रा. झाकण पूर्ण काढलेलं हवं. उकळताना डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जातं, झाकण ठेवलं तर ते थेंबांनी परत पडतं आणि बिअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो. शेवटच्या १० मिनिटांना हॉप्सबरोबर व्हर्लफ्लॉक या वर्ट नितळ करणाऱ्या गोळीची अर्धी टाका. पिशवीचं वर्ट गढूळ असतं, तिने प्रथिनं गोळा होऊन खाली बसतात.

१२ लिटरपर्यंतचं वर्ट गार करायला तांब्याची वेटोळी नळी नसली तरी अडत नाही. सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून पातेलं झाकून ठेवा, पाणी दोनदा बदला, पाऊण तासात २० अंशांवर येतं. ऑस्ट्रेलियात कढत वर्ट थेट जाड प्लास्टिकच्या क्यूबमध्ये भरून रात्रभर निवू देण्याची 'नो-चिल' पद्धतही रूढ आहे. ती करायची तर उशिरा घातलेले हॉप्स कढत वर्टमध्ये आणखी कडू होतात हे धरून १० मिनिटांची मात्रा आच बंद करताना घाला, आणि क्यूब आठवडेच्या आठवडे साठवू नका. वर्टमध्ये ना अल्कोहोल असतं ना पुरेसं आम्ल, त्यामुळे बंद डब्यात घातक जंतू वाढू शकतात. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालावंच.

उकळण्याआधीची भांडी फक्त स्वच्छ हवीत. उकळणं संपल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: बादली, नळ, झाकण, चमचा, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. फॉस्फरिक आम्लाचं नो-रिन्स सॅनिटायझर लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं, आणि फेस राहिला तरी धुवायचं नाही. आधी सोडियम परकार्बोनेटने चिकटलेलं सगळं काढलेलं असावं, मळावर सॅनिटायझर चालत नाही.

आंबवणं आणि बाटल्या

बादलीत वर्ट उंचावरून ओता, फेस येऊ द्या. यीस्टला प्राणवायू फक्त याच वेळी हवा असतो. १८-२० अंशांवर यीस्ट वर भुरभुरवा. ३० लिटरच्या बादलीत १० लिटर असल्याने काळजी नको, वरची हवा कार्बन डायऑक्साइड ढकलून देतो. मात्र आंबताना झाकण सारखं उघडू नका. पहिल्या तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतं. मेलबर्नच्या उन्हाळ्यात खोली ३० वर गेली तर बिअरला उग्र, डोकं धरणारं अल्कोहोल येतं. बादली पाण्याच्या टबात ठेवा आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, एवढ्याने १९ राखता येतं. चौथ्या दिवसानंतर २१ पर्यंत चढू दिलं तर चांगलंच, लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. दोन आठवड्यांनी, दोन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी घ्या. दोन्ही वेळा सारखी आली तरच बाटल्या भरा. १.०२० ला अडकली असेल तर मॅश फार गरम झाला होता किंवा यीस्ट गारठलं आहे. बादली हलकेच फिरवून २२ अंशांत चार दिवस ठेवा. अडकलेली बिअर बाटलीत घालून वर साखर टाकली तर बाटल्या फुटतात, काचा भिंतीत रुततात. हा भाग हलक्याने घेऊ नये.

बाटलीत गॅस तयार व्हायला साडेनऊ-दहा लिटरला साधी साखर ५५ ग्रॅम. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून दुसऱ्या निर्जंतुक बादलीच्या तळाशी घाला आणि नळीने बिअर शांतपणे वर सोडा. आता एक बुडबुडाही नको, हवा लागलेली बिअर महिनाभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तपकिरी काचेच्या ७५० मिलिलिटरच्या १३ बाटल्या जवळ ठेवा, वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळं सोडा. त्यातल्या एकीऐवजी प्लास्टिकची भरा, बोटाने दाबून ती दगडासारखी झाली की गॅस तयार झाला हे कळतं. २० अंशांत दोन आठवडे, मग निदान तीन दिवस फ्रीजमध्ये.

दुसरा घाणा काढताना कृती बदलू नका. तेच माल्ट, तेच हॉप्स, आणि फक्त वहीतले आकडे दुरुस्त करा: खरी आटणी, खरं शोषण, खरी कार्यक्षमता. १.०६५ च्या पुढच्या जड बिअर पिशवीत कार्यक्षमता पाडतात, कारण माल्ट वाढतो आणि त्यात अडकलेली साखर धुवायला पाणी उरत नाही. त्या तुमचे आकडे स्थिर झाल्यावर करा.

उरलेला चोथा त्याच दिवशी काढून टाका, उन्हाळ्यात रात्रीतच आंबूस वास सुटतो. खतात जातो, कोंबड्यांनाही चालतो. पातेल्याच्या तळाचा हॉप्सचा गाळ मात्र वेगळा बांधून कचऱ्यात टाका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, आणि गोडसर वासामुळे ते खतातला ढीगही उकरतात.